पहिला हात कोणाच्या पोटावर?

ग्वाल्हेरच्या डॉक्टरमंडळींत सध्या एक वाद चालू आहे, आणि तो इतका भोंगळपणे चालला आहे की दोन्ही पक्ष हरावेत असं वाटतं. गर्भवतीची सोनोग्राफी शिकवायला सिम्युलेटर, म्हणजे पेशंटऐवजी सराव करायचं यंत्र, घ्यावा की घेऊ नये, हा विषय. एकीकडे उत्साही मंडळी. त्यांतलं कोणीतरी एखाद्या परिषदेत प्लास्टिकच्या पोटावर प्रोब (सोनोग्राफी मशीनचा पोटावर फिरवायचा भाग) फिरवून आलेलं असतं आणि मोबाइलमधले फोटो दाखवत सांगतं, की पायलट जसे जमिनीवर बसून उडायला शिकतात तसं आता आपणही. दुसरीकडे ज्येष्ठ मंडळी. "व्हिडिओ गेम खेळून कोणी डॉक्टर होतं का? आम्ही पेशंटवरच शिकलो, काय बिघडलं?" चहा संपेपर्यंत हे दोन सूर चालतात, मग सगळे आपापल्या ओपीडीला जातात. भोपळ्यावर चिरे द्यायला शिकवणाऱ्या सुश्रुताचं नाव तर दोन्ही बाजू घेतात, म्हणून मी ते इथे घेणारच नाही. जिच्या पोटावर हे सगळं शिकणं चालतं, तिचा विषय मात्र कोणी काढत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. सिम्युलेटर खऱ्या पेशंटची बरोबरी करतो का, यावर भांडण्यात अर्थ नाही. तो करत नाही, करणारही नाही. ठरवायचं आहे ते एवढंच, की नवशिक्याचा अगदी पहिला, चाचपडणारा हात कोणाच्या पोटावर पडावा. तो गर्भवतीच्या पोटावर पडता कामा नये. सिम्युलेटरवरच्या परीक्षेत उतरल्याशिवाय कोणालाही तिच्यापाशी प्रोब घेऊन जाऊ देऊ नये. आणि त्याच दमात दुसरंही म्हणते: ज्या संस्थेला त्या यंत्राशेजारी शिक्षक बसवता येत नाही, तिला ते यंत्र विकत घेऊ देऊ नये. यातली एकच गोष्ट उचलून चालणार नाही. गंमत अशी की उत्साही मंडळींना पहिली हवी असते, ज्येष्ठांना दुसरी पटते, आणि दोघेही उरलेल्या अर्ध्यावर गप्प बसतात.

बाहेरच्या माणसाला सोनोग्राफी म्हणजे जेली लावून प्रोब फिरवणं वाटतं. प्रत्यक्षात प्रोब बाळाचा एक पातळ काप दाखवतो, आणि हवा तो काप मिळेपर्यंत हाताने शोधत राहावं लागतं. डोक्याचं माप घ्यायचं तर पडद्यावर मधली रेघ बरोबर मधोमध हवी, दोन्ही बाजूंचे थॅलॅमस (मेंदूच्या आतले दोन गोळे) दिसायला हवेत, पुढच्या अंगाला केव्हम सेप्टाय पेल्युसिडाय या पाणी भरलेल्या पोकळीची छोटी चौकट हवी, आणि सेरिबेलम, म्हणजे लहान मेंदू, दिसता कामा नये. दिसलं तर काप मागे कलंडलाय. पोटाचा घेर घ्यायचा तर जठराचा काळा ठिपका हवा, नाळेतून आलेली शीर वळताना दिसायला हवी, आणि आकार गोल हवा. लांबट झाला की काप तिरका, घेर चुकला. घेर चुकला की वजनाचा अंदाज चुकतो, आणि मग धडधाकट बाळाच्या आईला "बाळ बारीक आहे" म्हणून दर आठवड्याला बोलावणं सुरू होतं, किंवा खरोखर खुरटलेलं बाळ हातातून निसटतं. प्रोबच्या चार हालचाली असतात: सरकवणं, फिरवणं, कलवणं, डोलवणं. एका वेळी एकच करायची असते. नवशिका चारही एकदम करतो. मुरलेला हात करंगळी पोटावर टेकवून तिच्या आधाराने केसभर हलतो. नवशिक्याचा हात हवेत असतो आणि डोळे पडद्याला चिकटलेले, त्यामुळे आपण प्रोब कुठे नेतोय याचा त्याला पत्ता नसतो. काही दिसेनासं झालं की तो एकच गोष्ट करतो: दाबतो. डेप्थ (किती खोलवर बघायचं ते) जास्त झालीय, गेन (चित्राचा उजळपणा) वाढलाय, बाळ कडेला सरकलंय, कारण काहीही असो, उपाय एकच. मी रेसिडेंट्सच्या, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांच्या, मागे उभी राहून सर्वांत जास्त वेळा उच्चारलेला शब्द "दाबू नकोस" हाच असावा.

आता हे दाबणं, हवेतला हात, डेप्थ आणि गेनची बटणं शोधणं, यातलं काय शिकायला जिवंत गर्भवती लागते? माझं उत्तर, काहीही नाही. आणि तरी आज हे सगळं तिच्यावरच शिकलं जातं. कोणाच्या पोटावर, तेही स्पष्ट बोलावं. जी पैसे मोजून सेंटरमध्ये तपासून घेते तिच्या पोटावर नवशिक्याचा हात पडत नाही, तिथे नावाजलेले डॉक्टर स्वतः बसतात. तो पडतो सरकारी दवाखान्यात, मग दवाखाना चंबळच्या अलीकडचा असो की पलीकडचा. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. त्या दिवशी भिंड-दतियाच्या खेड्यांतून, अंधारात उठून, बस बदलत आलेली बाई रांगेत असते. नंबर लागतो तेव्हा खोलीत तिघं-चौघं असतात. पहिला डोकं शोधतो, सापडतं, फ्रीझ करतो. दुसरी म्हणते, "जरा मला दे." सापडलेलं पुन्हा हरवतं. पोटावरची जेली वाळायला लागते, कोणीतरी आणखी ओततं. उताणं पडून पडून बाईला गरगरायला लागतं, कारण भरलेली पिशवी पाठीकडच्या मोठ्या शिरेवर दाब देते. हे ज्या मुलांनी पुस्तकात पाठ केलंय त्यांच्याच लक्षात त्या क्षणी येत नाही. खोलीत कोणी बोलत नसतं, कारण सगळे शोधात गुंतलेले. ती त्यांचे चेहरे वाचत असते. शेवटी विचारते, "सब ठीक है न?" कोणीतरी "हाँ हाँ" म्हणतं, पडद्यावरची नजर न काढता.

तिला कोणी विचारलेलं नसतं. पोटावरच्या तपासणीत हे खटकत नसेल, तर आतून करायच्या तपासणीचा विचार करा. पहिल्या काही आठवड्यांत ती वरचेवर लागते. तिथे "आता हीसुद्धा जरा बघेल" या वाक्याला संमती म्हणायचं का? शिवाय आपला पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा, कायदा गर्भवतीवर सोनोग्राफी कोणत्या कारणांसाठी करायची ते ठरवून देतो, आणि प्रत्येक तपासणीमागे फॉर्म एफ भरून घेतो. त्या फॉर्ममध्ये कारणांची यादी आहे. त्यात सराव हे कारण कुठे आहे? सोनोग्राफीचा धोका सिद्ध झालेला नाही हे खरं, पण लहरींचा मारा गरजेपुरता आणि कमीत कमी वेळ असावा, सुरुवातीच्या महिन्यांत विनाकारण डॉप्लर (रक्ताचा प्रवाह बघायची पद्धत) लावू नये, हे जगभरचे तज्ज्ञ सांगतात. शिकवण्यासाठी लांबवलेली तपासणी यातल्या कोणत्या नियमात बसते?

ज्येष्ठांचा सर्वांत वजनदार आक्षेप मला मान्य आहे, आणि तो अर्धामुर्धा मान्य करून चालणार नाही. सिम्युलेटरमधलं बाळ खरं वागत नाही. पडद्याचे सिम्युलेटर असतात त्यांत खऱ्या बायकांच्या तपासण्या साठवलेल्या असतात, आणि तुम्ही त्या साठवणीत हात फिरवता. डोकं खरं, हृदय खरं, पण बाळ तुमच्या प्रोबला कंटाळून पाठ फिरवत नाही. सिझेरियनचा व्रण, चरबीचा थर, आटलेलं पाणी, अर्धा तास पालथं पडून राहिलेलं हट्टी बाळ, हे तिथे जवळजवळ भेटतच नाही. दुसरा प्रकार रबराच्या पोटाचा, आत पुतळीसारखं बाळ. त्यावर खरं मशीन लावता येतं, पण ते बाळ जन्मभर तेवढ्याच आठवड्यांचं राहतं. काही दिवसांनी मुलांना केसेस पाठ होतात. तिसरी केस उघडायच्या आधीच एखादी सांगते, "यात वार खाली आहे." ती यंत्र शिकलेली असते, सोनोग्राफी नव्हे.

सगळं खरं. पण यातून निघतं काय? शिक्षण सिम्युलेटरवर संपवू नये, एवढंच. ते तिथे सुरू करू नये असं यातून कुठे निघतं? पालथं पडलेलं हट्टी बाळ ही शिकण्याच्या दुसऱ्या महिन्यातली अडचण आहे. ज्याला अजून डेप्थचं बटण सापडत नाही त्याला ते बाळ काय शिकवणार? उलट मी म्हणते, बटणं, हालचाली आणि प्लेन (हवा तो काप) आधीच हातात बसलेली असतील तर तो मुलगा त्या बाळाकडून काहीतरी शिकून उठेल. एरवी हात आणि बाळ दोन्हींशी एकदम झगडून तो फक्त घाम पुसत उठतो.

"आम्ही पेशंटवरच शिकलो" म्हणणाऱ्यांनी या विद्येचा उगम एकदा आठवावा. ग्लासगोचे इयान डोनाल्ड १९५५ च्या उन्हाळ्यात एका बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले, कारण धातूच्या जोडातले दोष शोधायचं ध्वनिलहरींचं यंत्र तिथे होतं. मोटारीच्या डिकीत त्यांनी नेलं होतं काय? ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी आणि सिस्ट. आणि तुलनेसाठी कारखान्याकडून मिळालेला गोमांसाचा एक मोठा तुकडा. गाठ घट्ट असेल तर पडद्यावर काय दिसतं, पाण्याची असेल तर काय, हे त्यांनी आधी अशा निर्जीव वस्तूंवर पाहून घेतलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला त्यांचा प्रसिद्ध लेख त्यानंतर तीन वर्षांनी, १९५८ मध्ये आला. म्हणजे ज्या परंपरेची शपथ घेऊन सिम्युलेटरला हसलं जातं, तिचा मूळपुरुषच मांसाच्या तुकड्यापासून सुरुवात करून गेला.

त्याच्याही दोनशे वर्षं मागे जाता येतं. फ्रान्समध्ये खेड्यापाड्यांत बाळंतपणात माणसं फार मरत होती, म्हणून पंधराव्या लुईने १७५९ मध्ये आंजेलिक द्यु कुद्रे नावाच्या सुईणीला देशभर फिरून सुइणींना शिकवायचं फर्मान दिलं. १७८३ पर्यंत ती फिरत होती. शिकायला येणाऱ्या बऱ्याच बायकांना वाचता येत नव्हतं, तेव्हा पुस्तकाचा उपयोग नाही. तिने कापड, कातडं आणि कापूस वापरून बाईच्या कमरेखालच्या भागाचा खऱ्या मापाचा पुतळा केला, काहींत खरी हाडं बसवली, आणि कापडाचं बाळ. तिने त्याला नावच 'यंत्र' दिलं होतं. त्यातला एक पुतळा रूआँच्या संग्रहालयात अजून आहे. काही शल्यविशारदांनी तेव्हाही नाकं मुरडली: कापडाच्या बाहुलीवर बाळंतपण शिकणार? मला या गोष्टीतला पुतळ्यापेक्षा दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. द्यु कुद्रे एखाद्या गावाला यंत्र ठेवून निघून जात नसे. त्या गावच्या शल्यविशारदाला त्या यंत्रावर शिकवायचं कसं, हेही शिकवून जात असे. तिच्या मागे काम टिकलं ते त्यामुळे. आपल्याकडच्या खरेदी समित्यांना ही बाई कोणीतरी सांगायला हवी.

पुरावा आहे का, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक चांगला प्रयोग प्रसिद्ध केला. आतून करायची सोनोग्राफी नव्याने शिकणाऱ्या रेसिडेंट्सचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला ठरलेली पातळी गाठेपर्यंत सिम्युलेटरवर बसवलं, मगच वॉर्डात सोडलं. दुसरा गट नेहमीप्रमाणे सरळ वॉर्डात. दोन महिने दोघांनीही खऱ्या पेशंट्सवर काम केल्यावर, कोण कुठल्या गटातला हे माहीत नसलेल्या परीक्षकांनी त्यांच्या तपासण्या पाहिल्या. सिम्युलेटरचा गट तेव्हाही स्पष्ट पुढे होता. पुढच्या अभ्यासात पेशंटला होणारा त्रासही कमी दिसला. आता दुसरी बाजू. हा देश डेन्मार्क, तिथे शिक्षक आणि रेसिडेंट यांचं प्रमाण आपल्याला स्वप्नात दिसावं असं. आणि कौशल्याचे गुण वाढले म्हणजे बाळांमधली व्यंगं जास्त पकडली गेली, किंवा जास्त बाळं वाचली, असं सिद्ध होत नाही. तसा दावा कोणी करू नये. मला त्या प्रयोगातली एकच गोष्ट उचलायची आहे: त्यांनी तास मोजले नाहीत, पातळी मोजली.

आपल्याकडे नेमकं उलट आहे. एमबीबीएस डॉक्टरला गर्भवतीची सोनोग्राफी करायची तर २०१४ चे नियम सहा महिन्यांचं, ३०० तासांचं प्रशिक्षण सांगतात. हे नियम न्यायालयांतूनही गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते काही अंशी रद्द ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्या निकालाला स्थगिती दिली. भांडण झालं ते कोणाला अधिकार असावा याचं. तीनशे तासांत हात किती वेळ प्रोबवर होता, हे कोणी विचारलं नाही. एका मशीनभोवती पाच जण उभे असतील तर तीनशेतले किती तास शिकण्याचे आणि किती मागून मान उंचावून बघण्याचे? नियमांत कौशल्य आहे, लॉगबुक आहे, परीक्षाही आहे. पण लॉगबुक कसं भरलं जातं हे ज्याने भरलंय त्याला माहीत आहे. सिम्युलेटरवरचा तास हा निदान हाताचा तास असतो, आणि चुकलेलं प्लेन ते यंत्र तोंडदेखलं बरोबर म्हणत नाही.

पैशाचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. चांगला सिम्युलेटर लाखांत जातो, वर देखभालीचा करार, सॉफ्टवेअरचं नूतनीकरण. तेवढ्यात एखाद्या तहसिलीच्या दवाखान्याला खरं मशीन मिळू शकतं, आणि ते मशीन उद्यापासून कोणाची तरी खाली सरकलेली वार पकडेल. या तुलनेला माझ्याकडे तोडीस तोड उत्तर नाही. अर्धं उत्तर आहे: मशीन आहे पण चालवणारा नाही, म्हणून धूळ खात पडलेली मशीन्सही आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण सिम्युलेटरही तसाच धूळ खाणार नाही कशावरून? २०२० च्या नियमांनी प्रत्येक मेडिकल कॉलेजला स्किल लॅब, म्हणजे पुतळ्यांवर आणि यंत्रांवर सराव करायची खोली, सक्तीची केली. किती ठिकाणी ती इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी उघडते, प्लास्टिकची आवरणं निघतात, फोटो होतात, आणि परत किल्ली साहेबांच्या खणात? मोडेल म्हणून मुलांना हात लावू न दिलेलं शिकवायचं यंत्र मी पाहिलेलं आहे. न मोडता ते कालबाह्य झालं.

शिवाय सगळ्याला लाखच लागतात असंही नाही, आणि ही गोष्ट यंत्र विकणारे सांगत नाहीत. गरम पाण्यात जिलेटिन विरघळवून त्यात थोडं इसबगोल ढवळायचं आणि डब्यात ओतून फ्रिजमध्ये ठेवायचं. इसबगोलामुळे पडद्यावर ते करड्या दाण्यांचं, मांसासारखं दिसतं. आत पाणी भरून गाठ मारलेलं ग्लोव्हजचं बोट सोडलं की ती सिस्ट, द्राक्षं सोडली की छोट्या गाठी. पाण्याच्या टबात बुडवलेली प्लास्टिकची बाहुलीसुद्धा डोकं कुठे, पाय कुठे हे प्रोबने शोधायला पुरते. यावर हृदयाचे कप्पे शिकता येणार नाहीत. पण हात न दाबता कसा ठेवायचा, डेप्थ कशी लावायची, प्रोबची खूण कुठल्या बाजूला धरायची, हे पहिल्या आठवड्याचं सगळं शिकता येतं, तेही दुपारनंतर रिकाम्या पडलेल्या नेहमीच्या मशीनवर. डोनाल्डच्या मांसाच्या तुकड्याचा हा शाकाहारी अवतार. मग हे का होत नाही? कारण त्याचं टेंडर निघत नाही, फीत कापता येत नाही, आणि त्याला शेजारी बसणारं माणूस लागतं.

अडतं ते त्या माणसापाशीच. आणि इथे ग्वाल्हेरच्या मराठी वाचकाला मला दूरचं काही सांगायला नको. १९१८ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंद्यांनी संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या सल्ल्याने इथे माधव संगीत विद्यालय काढलं. वर्ग, वेळापत्रक, स्वरलिपी. ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू-हस्सू खाँच्या गावात हे म्हणजे धाडसच. आक्षेप सरळ होता, आणि आजच्या ज्येष्ठ डॉक्टरांच्या आक्षेपाशी शब्द न शब्द जुळावा असा: मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, कागदावर उतरते का? गुरूच्या समोर बसून, चुकून, ऐकून जे गळ्यात येतं ते खुणांनी येईल का? नाहीच येत. ते भातखंड्यांनाही माहीत असणार. पण विद्यालय चाललं, कारण ते चालवायला घराण्याचे गवईच घेतले. त्यांतल्या काहींना आधी मुंबईला भातखंड्यांकडे पाठवून ती पद्धत शिकवली. राजाभैया पूछवाले त्यांतलेच. ग्वाल्हेर घराण्याचे गवई शंकर पंडित यांची तालीम गळ्यात असलेला हा माणूस पुढे वर्षानुवर्षं त्याच विद्यालयाचा प्राचार्य होता. कागद आणि गळा दोन्ही ज्याच्याकडे होते अशा माणसाच्या हातात कागद दिला गेला. कागद नुसताच वाटला असता तर ज्येष्ठ खरे ठरले असते, आणि कागदाला हातच लावायचा नाही म्हटलं असतं तर गाणं आठ-दहा घरांबाहेर पडलं नसतं. सिम्युलेटरवर शिकवायला कंपनीचा प्रात्यक्षिकवाला किंवा नुकताच पास झालेला डेमॉन्स्ट्रेटर बसवायचा, आणि तीस वर्षं हजारो पोटं तपासलेल्या बाईंनी तिकडे फिरकायचंही नाही, ही आपली आजची रीत. तिच्यात ना कागद आहे ना गळा.

आता आमच्या भागातला सर्वांत अवघड आक्षेप. तो डॉक्टरांकडून कमी आणि मुलींसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांकडून जास्त येतो, आणि त्यांना तो घेण्याचा पूर्ण हक्क आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली देशात ९१८ होत्या, भिंडमध्ये ८४३, ग्वाल्हेर जिल्ह्यात ८४०, मुरैन्यात ८२९. हे आकडे सोनोग्राफीच्या खोल्यांतून गेल्याशिवाय असे झालेले नाहीत. मग आणखी डॉक्टरांना सोनोग्राफी शिकवायची, तीही फॉर्म एफ नसलेल्या यंत्रावर, म्हणजे आगीत तेल नाही का?

या प्रश्नाला चिडून उत्तर देणारे डॉक्टर मला आवडत नाहीत. आपल्या धंद्याने ती शंका कमावलेली आहे. पण शंकेचं लक्ष्य चुकतंय. लिंग सांगून पैसे घेणाऱ्याला कौशल्याची टंचाई कधीच भासली नाही. त्याला लागतं ते मशीन, बंद दार आणि मध्ये एक दलाल. टंचाई आहे ती हृदयाचे चार कप्पे नीट बघणाऱ्यांची, पाठीच्या कण्यातली फट वेळेत पकडणाऱ्यांची. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही प्रकरणांत २४ आठवड्यांपर्यंत आणि गंभीर व्यंगात मेडिकल बोर्डाच्या संमतीने त्यापुढेही गर्भपात करता येतो, पण विसाव्या आठवड्याला चुकलेलं व्यंग अठ्ठाविसाव्याला सापडलं तर त्या बाईपुढे किती वाटा उरतात? आणि पडद्याच्या सिम्युलेटरमधून तर लहरीच निघत नाहीत. त्यातल्या बाळाचं लिंग कोणाला दिसलंच, तर ते बाळ केव्हाच शाळेत जात असेल. हवं तर अभ्यासक्रमातून तो भागच झाकून टाका, माझी हरकत नाही. कायद्याचा पहारा खऱ्या मशीनवर आणि खऱ्या नोंदींवर असावा, आणि आजच्यापेक्षा कडक असावा. शिकाऊ हातांची गर्दी त्या खोलीतून कमी झाली तर पहारा करणंही सोपंच होईल.

एक आक्षेप मात्र मी खोडणार नाही. बाळाचे ठोके बंद पडलेत हे आईला कसं सांगायचं, हे कुठलंच यंत्र शिकवत नाही. मान्य. पण आजची पद्धत तरी कुठे शिकवते? आज रेसिडेंट हे सांगायला शिकत नाही, तो सिनियरला बोलवायला शिकतो, आणि सिनियर येईपर्यंत तोंड फिरवून उभं राहायला शिकतो. ज्याचा हात अजून चाचपडतोय त्याला आईच्या चेहऱ्याकडे बघायला फुरसत नसते. हात आधी तयार झाला तर निदान तोंड मोकळं होईल.

तेव्हा हवं ते फार नाही. खर्चीक यंत्र जिल्ह्याजिल्ह्याला नको. ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी एक ठेवावं आणि भिंड, मुरैना, दतियाच्या डॉक्टरांना तिथे पाळीपाळीने पाठवावं. बाकी ठिकाणी जिलेटिनचे डबे पुरे. परीक्षा सहा गोष्टींची असावी: बाळाचं डोकं खाली आहे की वर, ठोके आहेत का, एकच आहे की जुळी, वार कुठे, पाणी किती, आणि मापं. परीक्षक बाहेरचा असावा, नापास होणारे असावेत. पास झालेल्याला पेशंटपाशी न्यावं ते तिला विचारून, तिला कळेल अशा भाषेत, आणि नाही म्हणाली तर तिचा नंबर मागे न टाकता. आणि शिक्षकाचे तास ड्युटीत धरावेत. आज ते कोणाच्याच हिशेबात नसतात, म्हणून उरलेल्या वेळात शिकवायचं असतं, आणि वेळ उरत नाही.

आमच्याकडे खरेदीचा प्रस्ताव लवकरच फिरणार आहे. माझ्यापर्यंत आला तर मी कॅटलॉग उघडणार नाही. दोन नावं विचारणार आहे: मंगळवारी दुपारी दोन ते चार त्या यंत्राशेजारी कोण बसणार, आणि त्या दोन तासांत त्या माणसाची ओपीडी कोण सांभाळणार. दुसरं नाव मिळत नाही, असा आजवरचा अनुभव आहे.